७ × १६ फुटांचा बंद कार्गो ट्रेलर: आत झोपायचं पण, गाड्या पण न्यायच्या. जमेल का?

कोरडा_पाऊस (फीनिक्स, अॅरिझोना)

नमस्कार मंडळी. या विषयावर मराठीत काही सापडलं नाही आणि इंग्रजी व्हिडिओ बघून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून इथे विचारते.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. नवऱ्याकडे क्वाड (चार जाड चाकांची बाईक) आहे, साधारण ४२० पौंडांची. मागच्या दिवाळीत लेकीला ११० सीसीची छोटी डर्ट बाईक घेतली, ती १७० च्या आसपास. हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूत जातो. सध्या मित्राचा उघडा ट्रेलर मागून नेतो आणि तंबूत झोपतो. जानेवारीत वाऱ्याने तंबू असा काही फडफडला की पहाटे तीनला तिघंही गाडीत येऊन बसलो. सकाळी पोह्यांत वाळू, चहात वाळू. तेव्हाच ठरवलं, आता चार भिंती हव्यात.

इथे एक जण ७ × १६ चा ट्रेलर विकतोय. दोन अॅक्सल, मागे रॅम्पचं दार, बाजूला एक छोटं दार, पुढचं तोंड टोकदार, आत उंची साडेसहा फूट. ६,५०० डॉलर म्हणतोय. त्याचा कॅम्पर करायला अजून पाच हजार घालायची तयारी आहे. कागदावर काढलेला आराखडा असा: पुढे पलंग, त्याला लागून ओटा, आणि मागचे आठ फूट गाड्यांना.

प्रश्न बरेच आहेत. आमच्याकडे होंडा पायलट आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह, ५,००० पौंड ओढते असं लिहिलंय. नवरा म्हणतो, "पाच हजार लिहिलंय ना, मग झालं." मला ते "झालं" पटत नाही. दुसरं, पेट्रोलच्या गाड्या आणि लेक एकाच खोलीत झोपवायची या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. तिसरं, एसी आणि इन्सुलेशन. कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आमच्या दोघांच्याही घरात सुतार-लोहार कोणी नाही.

दोन_पैसे (डॅलस)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या फंदात पडू नका. कारखान्यातून आलेला जुना टॉय हॉलर (आत गाड्या न्यायची सोय असलेला कॅम्पर) घ्या: पलंग छताला उचलला जातो, संडास असतो, टाक्या असतात. माझ्या भावाने कार्गो ट्रेलरवर दोन वर्षांचे शनिवार-रविवार घातले आणि शेवटी विकायला काढला तेव्हा लोक त्याला रिकाम्या डब्याचीच किंमत देत होते. अर्थात टॉय हॉलर रिकामाच बहुधा ५,००० पौंडांच्या वर जातो, म्हणजे पायलट विसरा, पिकअप आला.

एसीचं एवढं सांगू शकतो. छतावरच्या पंख्याला आणि छतावरच्या एसीला भोक एकाच मापाचं लागतं, १४ × १४ इंच. ट्रेलरला हे भोक आधीच असेल तर निम्मं काम झालं, पण एसीच्या वजनासाठी खालून आडव्या पट्ट्या घालून छत मजबूत करावं लागतं. १३,५०० बीटीयूचा एसी २,२०० वॉटच्या जनरेटरवर थेट सुरू होताना धाप टाकतो, सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा झटका कमी करणारा) बसवला की चालतो. जनरेटर बाहेर, ट्रेलरपासून लांब आणि वारा ट्रेलरकडे येत नसेल अशा बाजूला ठेवायचा.

धुरकरी (लिटलटन, कोलोरॅडो)

ताई, तुमचा आराखडा वाचून मला माझाच २०२१ चा कागद आठवला. हुबेहूब. पुढे पलंग, मधे ओटा, मागे गाड्या. फोटोंत सगळीकडे हेच असतं आणि दिसतं पण झकास. त्याच आराखड्याने मला आयसेनहॉवर बोगद्याच्या उतारावर घाम फोडला, म्हणून जरा लांबण लावतो.

माझा पण ७ × १६ च. रिकामा घेतला, आत नुसतं प्लायवूड. वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड होतं, त्यामुळे ग्राइंडर आणि वेल्डिंगची भीती नव्हती. उलट फाजील आत्मविश्वास होता. उन्हाळ्यापर्यंत काम संपवलं आणि पहिली ट्रिप काढली युटाला, गॉब्लिन व्हॅलीच्या शेजारी टेंपल माउंटनला. आय-७० वर डेन्व्हर सोडलं की चढच चढ, बोगदा ११,००० फुटांच्या वर, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्क्यांचा उतार. त्या उतारावर बासष्टच्या वेगात शेजारून एक बस गेली आणि मागचा डबा शेपटी हलवायला लागला. आधी जरासा. मग प्रत्येक झोक्याला थोडा जास्त. डाव्या आरशात ट्रेलरचा पत्रा दिसायचा, मग उजव्या. बायको काही बोलली नाही, फक्त वरचं हँडल धरलं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. दाबायचा नाही. पिकअप थांबायला लागतो आणि ट्रेलर मागून ढकलतच राहतो. मी अॅक्सिलरेटर हळूच सोडला आणि डॅशखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटाने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. ढिली दोरी ताणल्यावर सरळ होते तसा डबा सरळ झाला. पुढे ग्रँड जंक्शनपर्यंत पन्नासच्या वर काटा नेला नाही.

तिथे एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केल आहे, ट्रकवाले वजन करतात तो काटा. एकदा ट्रेलर जोडून वजन केलं, एकदा सोडून. पिकअपच्या दोन्ही अॅक्सलवर जोडल्यावर जेवढं वाढलं तेवढं ट्रेलरचं पुढचं वजन, इथले लोक ज्याला टंग वेट म्हणतात. एकूण ट्रेलर ४,३८० पौंड आणि हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, फक्त २५०. पाहिजे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. माझं सहासुद्धा नव्हतं.

आमचे आजोबा बैलगाडी भरताना एकच गोष्ट ओरडून सांगायचे: "गाडी जरा धुरजड असू दे, उलाळ नको." धुरजड म्हणजे पुढे जड, उलाळ गाडी म्हणजे मागे जास्त भरलेली. जू वर उचललं जातं आणि जोत्याने बैलाच्या गळ्याला फास बसतो. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सोळा फुटांची उलाळ गाडी बांधली आणि ती उतारावर पळवली. आजोबा असते तर चाबूक बैलाला नाही, मला बसला असता.

आता हिशोब बघा, कारण तुमच्या आराखड्यात हाच घोळ आहे. माझ्या ट्रेलरला हिचच्या बॉलपासून दोन अॅक्सलच्या मधापर्यंत १४ फूट. दोन डर्ट बाईक मिळून ४७५ पौंड, त्या अॅक्सलच्या मागे पाच फुटांवर उभ्या. ४७५ गुणिले ५ भागिले १४, म्हणजे हिचवरून १७० पौंड कमी. वर २५ गॅलनची पाण्याची टाकी, भरल्यावर २०८ पौंड, तीही मागे चार फुटांवर कारण तिथे जागा होती. अजून ६० कमी. घरी परत आल्यावर टाकी पुढच्या टोकदार नाकात नेली आणि बाईक अॅक्सलच्या एक फूट पुढे बांधायला लागलो. एकूण वजन तेच, एक पौंड वाढवला नाही की कमी केला नाही, आणि हिचवर आता ६०० आहे. माझ्या पिकअपच्या रिसीव्हरवरचं (हिच बसतो त्या खाचेवरचं) स्टिकर सांगतं की साध्या हिचवर ५०० च्या वर नको, म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (वजन पुढच्या चाकांवरही वाटणारा) घेतला. तो खर्च मी आधी धरलाच नव्हता.

पण बाईक मधे आल्या म्हणजे पलंग आणि ओटा कुठे जाणार? वर आणि भिंतीला. सोळा फुटांत मधला भाग मोकळाच ठेवायला लागतो. माझे दोन्ही पलंग भिंतीला बिजागरीवर आहेत. दिवसा उभे, गाड्या उतरवल्या की आडवे. एक इंची चौकोनी ट्यूबची चौकट वेल्ड केली आणि भिंतीतल्या लोखंडी उभ्या खांबांना बोल्ट मारले. पहिल्यांदा शहाणपणा करून फक्त प्लायला स्क्रू मारले होते. मुलगा धपकन बसला आणि प्लायचा तुकडा घेऊनच खाली आला. त्याला काही झालं नाही, मला मात्र आठवडाभर टोमणे मिळाले. गाड्या बांधायच्या डी-रिंगांचंही तेच. रिंग जमिनीच्या प्लायला नाही, खालच्या आडव्या लोखंडाला बोल्टने, मागून पत्र्याची जाड पट्टी देऊन.

ट्रेलर बघायला जाल तेव्हा खांबांमधलं अंतर बघा, १६ इंच की २४. चुंबक फिरवला की भिंतीतला स्क्रू सापडतो, पुढचा कुठे ते मोजा. १६ चा मजबूत, पण खिडकी बसवायला एखादा खांब कापून आडवा तुकडा वेल्ड करावा लागतो. २४ चा असेल तर २२ इंची खिडकी दोन खांबांमधे अलगद बसते.

इन्सुलेशनवर लोक तावातावाने भांडतात. मी खांबांच्या मधे पॉलिआयसो फोम घातला, इंचाला आर-६ वगैरे (आर म्हणजे उष्णता अडवायची क्षमता), आणि वर प्लाय थेट खांबांना स्क्रूने आवळला. नोव्हेंबरात टेंपल माउंटनला रात्री पारा १८ फॅरनहाइटवर गेला. पहाटे टॉर्च लावला तर छताला प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब. इंच-इंच मोजून मारलेले स्क्रू, त्यामुळे थेंबही ओळीत, रांगोळीचे ठिपके काढल्यासारखे. बघत बसलो इतकं सुबक. मग एक ठिपका सुटून माझ्या कपाळावर पडला आणि दुसरा आईच्या गोधडीवर. बाहेरच्या पत्र्याची थंडी खांबातून स्क्रूत येते, आणि आपण चौघांनी रात्रभर सोडलेली वाफ तिथे जाऊन बसते. त्यात आदल्या रात्री आत वरणाचा कुकर लावला होता, चार शिट्ट्या. उंचावर कुकरशिवाय डाळ शिजत नाही हे खरं, पण तो आता रॅम्पवर बाहेर लागतो. पुढच्या उन्हाळ्यात सगळा प्लाय उतरवून खांबांवर अर्ध्या इंचाचा एक्सपीएस फोम आडवा घातला आणि मग प्लाय. शिवाय छताचा पंखा बोटभर उघडा आणि खाली एक झरोका उघडा. थेंब अजूनही येतात, पण मोजण्याइतके.

आता तुमच्या पोटातला गोळा. तो बरोबर जागी आलाय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर पसरते आणि आपण नेमकी तिथे गादी टाकतो. इंजेक्शनच्या गाडीचीसुद्धा टाकी झाकणाच्या नळीतून श्वास घेत असते. आमचा नियम: झोपताना गाड्या बाहेर, ट्रेलरच्या चौकटीला साखळीने. रिकामे कॅन पण बाहेर. गाड्या उतरवल्यावर दोन्ही दारं अर्धा तास सताड उघडी. भिंतीला जमिनीलगत समोरासमोर दोन झरोके आहेत, बंद करता येतात असे, नाहीतर तुमच्याकडे वाळू घरात येईल. आत उघडी ज्योत कसलीच नाही, म्हणून फ्रिजही गॅसवरचा नको, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

आणि हे कोणी सांगत नाही: कार्गो ट्रेलर माल न्यायला बनवलेला असतो, आत माणूस असेल असं त्याच्या कड्यांना माहीत नसतं. रॅम्पचं दार आतून उघडत नाही. बाजूच्या दाराला बाहेरून आडवा दांडा असेल तर कोणीही बाहेरून कडी घालू शकतं. आमच्या ड्राइव्हवेत धाकट्याने खेळता खेळता दांडा सरकवला आणि क्रिकेट खेळायला निघून गेला. मी आत वायरिंग करत होतो, फोन स्वयंपाकघरात. पाऊण तास पत्रा बडवला. शेजारीण कुत्रा फिरवायला निघाली म्हणून सुटलो. दांडा काढून आतून उघडणारं कुलूप बसवा, आणि एक खिडकी अशी ठेवा की तिच्यातून तुमची लेक बाहेर पडेल आणि तुम्हीसुद्धा.

डुलुथकर (मिनेसोटा)

धुरकरी, थेंबांच्या ओळी वाचून हसलो. आमच्याकडे गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला चाकांवरची घरं नेतात, त्यांच्यात हे रोजचंच. एक भर घालतो: ज्या प्रोपेन हीटरची चिमणी बाहेर जात नाही तो आणू नका. एक पौंड प्रोपेन जळला की दीड पौंडापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं, मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. जळायची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर टाकणारा छोटा डिझेल हीटर बरा. फीनिक्सवाल्यांना हीटर कशाला म्हणू नका, वाळवंटातली जानेवारीची रात्र मी काढलीये.

कोरडा_पाऊस

धुरकरी दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. उलाळ शब्द त्याला माहीत होता (तो सिन्नरकडचा), मला नव्हता. आता तो क्वाड कुठे ठेवायची यावर गप्प आहे, म्हणजे विचार करतोय.

पण पायलटचं राहिलं. आणि दोन_पैसे, राग कसला, पण पिकअप आणि टॉय हॉलर दोन्ही घ्यायचे तर मग घरच विकावं लागेल.

धुरकरी

पायलटचा हिशोब मांडूया. ७ × १६ रिकामा २,७०० धरा. प्लाय, फोम, पलंग, बॅटरी, एसी मिळून हात राखून केलं तरी ९५०. क्वाड आणि बाईक ५९०. वीस गॅलन पाणी १६७. कपडे, किराणा, अवजारं, पेट्रोलचे कॅन अडीचशे. झाले ४,६५७. पाच हजारांच्या आत आहे म्हणून नवरोजी खूश होतील. पण त्याचे १० टक्के म्हणजे ४६६ आणि १५ टक्के म्हणजे जवळजवळ ७००, आणि पायलटच्या हिचची मर्यादा ५००. म्हणजे तुम्हाला एका अरुंद फटीत आयुष्यभर वजन करत बसावं लागेल. एका ट्रिपला मावशी आल्या की संपलं.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर नको ते लिहिलेलं. हिचवरचं वजन त्याच आकड्यातून वजा होतं. तीन माणसं, मागच्या सीटवरचा कूलर आणि हिचवरचे पाचशे, बेरीज करा. वर सात फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच भिंत वाऱ्यात ओढायची. नुसत्या पौंडांत ते दिसत नाही, पेट्रोलच्या काट्यावर दिसतं.

तुमच्या तिघांसाठी आणि एका क्वाडसाठी मी ६ × १२ बघेन, एक अॅक्सलचा. त्यांच्या पाटीवर भरून कमाल वजन बहुधा २,९९० पौंड लिहिलेलं असतं, कारण ३,००० ला बऱ्याच राज्यांत ब्रेकचा कायदा सुरू होतो आणि बनवणारे दहा पौंड अलीकडे थांबतात. म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ब्रेकच नसतात. तुम्ही ग्लॅमिसला जाता, ते कॅलिफोर्नियात, आणि तिथे १,५०० पौंडांवरच्या कॅम्प ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कायदा बाजूला ठेवा, इलेक्ट्रिक ब्रेक असलेलाच घ्या किंवा बसवून घ्या. त्यासाठी गाडीला ७ पिनचं कनेक्शन आणि ब्रेक कंट्रोलर लागेल. मला त्या उतारावर वाचवलं ते त्याच पट्टीने.

रिकामा १,३०० च्या आसपास. आतलं काम पाचशेत बसवा (छतावरचा एसी विसरा, हिवाळ्यात जाता ना?), गाड्या ५९०, दहा गॅलन पाणी ८३, किरकोळ दोनशे. २,६७३. हिचवर २७० ते ४००. पायलट हसत हसत नेईल. टंगावर (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर) जॅकजवळ बॅटरीचा डबा नको, बॅटरी आत पुढच्या कोपऱ्यात.

तो सोळा फुटी बघायला जाणार असालच तर जाताना स्क्रू ड्रायव्हर न्या. रॅम्पच्या बिजागरीलगत जमिनीचा प्लाय टोचून बघा, पाणी सगळ्यात आधी तिथे मुरतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. आणि जो कुठला घ्याल त्याचे चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा टॉर्क पान्याने बघा. ही गोष्ट मी विसरलो नव्हतो, पण आमच्या गल्लीतला एक जण विसरला आणि त्याचं चाक त्याच्या पुढे निघून गेलं.

कोरडा_पाऊस

शनिवारी जाऊन आलो. बाहेरून चकाचक, मालकाने धुऊन ठेवलेला. मी आत, नवरा खाली पाठीवर झोपून आडवी लोखंडं मोजत होता (खालची २४ इंचांवर, चुंबकाने बघितलं तर भिंतीतलीही तितकीच). टायरवर २२१९. मालक म्हणाला, "फार चाललेले नाहीत." मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. मग रबरी मॅट उचलून रॅम्पच्या बिजागरीशी स्क्रू ड्रायव्हर टोचला, आणि तो मऊ केकमधे जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मालकाचा चेहरा बघवेना. खरंच त्याला माहीत नव्हतं असं वाटलं. बाजूच्या दाराला आडवा दांडा होताच. घेतला नाही.

घरी येऊन पायलटचं दार उघडलं. स्टिकरवरचा आकडा, त्यातून आम्ही तिघं, कूलर आणि पाचशे वजा केले तर उरले ते माझ्या सासूबाईंच्या वजनापेक्षा कमी. नवऱ्याने तो आकडा दोनदा वाचला आणि ६ × १२ च्या जाहिराती स्वतःहून बघायला बसला.

रविवारी आम्ही गॅरेज रिकामं करून फरशीवर खडूने ६ × १२ चा चौकोन काढला, आतून भिंतींची जाडी सोडून. त्यात क्वाड ढकलली, बाईक तिच्या शेजारी तिरकी, आणि बघितलं किती उरतं. मग गाड्या बाहेर काढून गाद्या टाकल्या. आडव्या दोन बसतात, लेकीची तिसरी पायथ्याशी उभी. ती म्हणाली तिला वरचा माळा हवा, मग गॅरेजच्या शिडीवर बसून तिने स्वतःची जागा मोजून घेतली. तिच्या डोक्यावर साधारण सव्वा फूट राहील असं दिसतंय. ओट्याला जागा नाहीच, रॅम्पवर टेबल.

आता फक्त अॅक्सलची रेघ मारायची राहिलीय. क्वाड तिच्या पुढे किती घ्यायची ते त्यावर ठरेल. पुढून किती फुटांवर मारू?

धुरकरी

डब्याच्या लांबीच्या साधारण ६० टक्क्यांवर असतो, म्हणजे पुढच्या भिंतीपासून सात फुटांच्या थोडं पलीकडे. तूर्त तिथे मारा, पण पेन्सिलीने. ट्रेलर ठरला की टेप घेऊन त्याचाच मोजा, प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि क्वाडचं वजन तिच्या मागच्या चाकांकडे जास्त असतं, तेव्हा तोंड पुढे करून चढवली तर रेघेच्या अजून फूटभर पुढे घ्या. जागा पुरत नसेल तर उलटी चढवून बघा.